जपानी मलाया डॉलर

जपानी मलाया डॉलर हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जपानव्याप्त मलाया, सिंगापूर, सारावाक, ब्रुनेई व उत्तर बोर्निओ या प्रदेशांत वापरले गेलेले चलन होय. ते १९४२ ते १९४५ या अवधीत प्रचारात होते. दहा डॉलरच्या नोटेवरील केळीच्या झाडाच्या चित्रामुळे लोक त्यास ‘केळीचा पैसा’ (मलय भाषेत ‘दुइत पिसांग’) म्हणत.

पार्श्वभूमी

८ डिसेंबर १९४१ रोजी जपानी फौजा मलायात उतरल्या आणि १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले. जपानी लष्कराने आपले चलन पूर्वीच्या मलायी डॉलरच्या बरोबरीचे ठरवले. परिणामी लोक जुन्या नोटा दडवून ठेवू लागले आणि व्यवहारात नव्या नोटाच उरल्या.

नोटांचे स्वरूप

१, ५, १० व ५० सेंट, तसेच १, ५, १०, १०० व १००० डॉलर अशा किमतींच्या नोटा काढण्यात आल्या. त्यांवर इंग्रजीत जपानी सरकारचे नाव असे. डॉलरच्या नोटांवर धारकास मागणी करताच रक्कम देण्याचे वचनही छापलेले असे. परंतु त्यामागे सोन्याचा वा अन्य कसलाही साठा नव्हता. नोटेवरील ‘एम’ हे अक्षर मलायाचे निदर्शक होते. ब्रह्मदेशासाठी ‘बी’, तर फिलिपिन्ससाठी ‘पी’ हे अक्षर वापरले जाई. डॉलरच्या आरंभीच्या नोटांवर अनुक्रमांक होते. पुढे ते वगळून केवळ अक्षरे छापली गेली, त्यामुळे बनावट नोटा काढणे सोपे झाले.

अवमूल्यन

लष्कराचा खर्च भागवण्यासाठी नोटांची छपाई अनिर्बंधपणे होत राहिली. तांदळाची आयात मात्र घटली. साहजिकच काळ्या बाजारात किमती भरमसाट वाढल्या. बाजारातील जादा पैसा परत खेचण्यासाठी बचतीच्या मोहिमा काढण्यात आल्या व १९४३ मध्ये ‘कोनान साइकेन’ ही लॉटरी सुरू झाली; तथापि घसरण थांबली नाही.

अखेर व परिणाम

जपानच्या शरणागतीनंतर सप्टेंबर १९४५ मध्ये परतलेल्या ब्रिटिश लष्करी प्रशासनाने हे चलन अवैध ठरवले. त्याच्या बदल्यात काहीही मिळाले नाही. वेतन वा बचत या नोटांत साठवलेल्यांचे पैसे बुडाले. कर्जफेडीचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा ठरला. अनेकांनी युद्धापूर्वीची कर्जे घसरलेल्या नोटांत फेडली होती. पूर्ण फेड मान्य करावी तर सावकाराचे नुकसान होई, आणि ती अमान्य करावी तर ऋणकोवर दुहेरी भार पडे. यावर तोडगा म्हणून १९४८ मध्ये विशेष कायदा करण्यात आला. व्यवहाराच्या काळानुसार व्याप्तकालीन डॉलरचे मूल्य ठरवणारे उतरते कोष्टक त्यात देण्यात आले.

आज या नोटा संग्राहकांकडे व वस्तुसंग्रहालयांत आढळतात.