बाके, खुर्च्या आणि एक दार



मी इतिहासाचा पंडित नव्हे. माझे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. तरी लाकडी सामानावर चार शब्द बोलण्याचा अधिकार मला आहे असे वाटते. उमेदवारीच्या काळात एका कारखान्यात वाटाघाटीला गेलो, तेव्हा मॅनेजरसाहेब उंच पाठीच्या खुर्चीत आणि आम्ही पाच प्रतिनिधी उभे. पगारवाढीचे नाव काढण्याआधी आम्ही पाच खुर्च्या मागितल्या. त्या यायला पाऊण तास लागला. पण बसल्याबरोबर आमचाही सूर बदलला आणि साहेबांचाही. तेव्हापासून कोणत्याही बैठकीला गेलो की मी आधी बसण्याची मांडणी पाहतो.

म्हणूनच लंडनच्या हाउस ऑफ कॉमन्सची हकीकत मला मोलाची वाटते. १८३४ साली जुने पार्लमेंट जळाले, तेही सरकारी हिशेबाच्या टाकाऊ लाकडी कांड्या भट्टीत जाळताना! मग बॅरी आणि प्यूजिन यांनी आजची इमारत रचली. तिच्या बांधकामावर १८४१ साली पाथरवटांनी मुकादमाच्या जाचाविरुद्ध संप केला होता, हे जाता जाता सांगून ठेवतो. इमारतीचे कौतुक करणारे ते सहसा सांगत नाहीत.

१० मे १९४१ च्या रात्री जर्मन बॉम्बनी कॉमन्सचे सभागृह भस्मसात केले. नवे कसे बांधावे, हा प्रश्न १९४३ च्या ऑक्टोबरात सभेपुढे आला. चर्चिल आपल्या स्वातंत्र्याचा वैरी, त्याचे गोडवे मी गाणार नाही. पण त्या दिवशीचे त्याचे म्हणणे कामगार चळवळीतल्या माणसाला पटण्यासारखे आहे. सभागृह पूर्वीसारखेच लांबट असावे, दोन पक्षांची बाके समोरासमोर असावीत आणि सर्व सभासद एकदम बसू शकतील एवढी जागा मुद्दामच नसावी, असे तो म्हणाला. अर्धवर्तुळात माणूस हळूच एकीकडून दुसरीकडे सरकतो. समोरासमोरच्या बाकांत पक्ष बदलायचा तर सगळ्यांच्या देखत मधली जमीन ओलांडावी लागते. त्याने स्वतः ती दोनदा ओलांडली होती! आणि मोठ्या रिकाम्या मैदानापेक्षा लहान भरलेली खोली बरी, हे सभा भरवणाऱ्या कोणालाही विचारावे. आज तेथे सभासद ६५० आणि जागा ४२७.

आपल्या दिल्लीच्या नव्या संसद भवनात २०२३ साली याच्या उलट झाले. तेथे लोकसभेत ८८८ आसने आहेत, सभासदांहून कितीतरी जास्त. सागवान मात्र नागपूरचे आणि फर्निचर मुंबईत घडलेले. असो.

सभागृह गाइल्स गिल्बर्ट स्कॉट या वास्तुशिल्पज्ञाने उभारले. ते २६ ऑक्टोबर १९५० रोजी खुले झाले. आतले सामान राष्ट्रकुलातील देशांनी भेट दिले. सभापतींची खुर्ची ऑस्ट्रेलियाची, क्वीन्सलंडमधील ‘ब्लॅक बीन’ नावाच्या झाडाच्या लाकडाची. मधले मेज कॅनडाचे. ज्या पेट्यांवर हात टेकून मंत्री आणि विरोधी नेते बोलतात त्या न्यूझीलंडच्या, तिथल्याच पुरीरी लाकडाच्या. या पेट्यांची गंमत अशी की मूळ जोडी बॉम्बहल्ल्यात गेली. पण तिची हुबेहूब नक्कल पंचम जॉर्जने १९२७ साली ऑस्ट्रेलियाच्या पार्लमेंटला दिली होती. त्या नकलेवरून नवी जोडी घडवली. म्हणजे कारागिराने एकदा नीट केलेले काम साता समुद्रापलीकडे जपले गेले आणि वेळेला उपयोगी पडले. भेट देणाऱ्या देशांची नावे तिथे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगतात. रंधा आणि पटाशी चालवणाऱ्यांची कोणी विचारीत नाही.

आणि सभागृहाची प्रवेशद्वारे? ती ओकची, भारत आणि पाकिस्तान यांनी दिलेली. आपण प्रजासत्ताक होऊन तेव्हा नऊच महिने झाले होते. पार्लमेंटचे अधिवेशन सुरू होते तेव्हा राजाचा निरोप घेऊन काळी काठी धारण करणारा अधिकारी कॉमन्सकडे येतो आणि सभागृहाचे दार त्याच्या तोंडावर धाडकन बंद केले जाते. १६४२ साली पहिला चार्ल्स पाच सभासदांना पकडायला आत घुसला होता, त्याची ही आठवण. काठीने तीनदा ठोठावल्यावरच दार उघडते. त्या ठोक्यांनी लाकडावर पडलेली खूण आजही दिसते.