पलंगावरून पडली असावी

१६ एप्रिल २००७, सोमवार. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातलं ब्लॅक्सबर्ग. तिथल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठाचा परिसर २,६०० एकरांचा, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या गावाच्या शिवाराएवढा, आणि त्यात मोठ्या इमारती १३१. विद्यापीठाचं स्वतःचं पोलीस खातं आहे आणि खात्याची स्वतःची कंट्रोल रूम. तिथं फोनवर बसणाऱ्याला डिस्पॅचर म्हणतात. फोन उचलायचा, कुठं काय झालं ते विचारायचं, वेळ टिपायची, माणूस रवाना करायचा. घटना त्याला दिसत नाही, सांगणाऱ्याचा आवाज तेवढा ऐकू येतो. त्या दिवशीच्या ३२ बळींची हकिकत अनेकांनी लिहिली. मला ती याच टेबलावरून वाचावीशी वाटते. आमचं अकोला जिल्ह्यातलं बार्शीटाकळी घड्याळानं ब्लॅक्सबर्गच्या साडेनऊ तास पुढं होतं. तिकडं वसतिगृहं जागी होत होती तेव्हा इकडं एप्रिलचं ऊन नुकतं कलायला लागलं होतं.

सकाळी ७.१५ (आपल्याकडे दुपारचे पावणेपाच)

वेस्ट ॲम्बलर जॉन्स्टन वसतिगृह, खोली ४०४०. तिथल्या विद्यार्थिनीवर गोळी झाडली गेली आणि बहुधा आवाज ऐकून धावत आलेल्या शेजारच्या विद्यार्थी-साहाय्यकावरही. मारणारा त्याच विद्यापीठात इंग्रजी शिकणारा, शेवटच्या वर्षाचा मुलगा. त्याचं नाव इथं मुद्दाम घेत नाही. ते सगळीकडे व्हावं याची सोय त्यानं स्वतःच करून ठेवली होती. ७.१७ला त्याचं कार्ड त्याच्या स्वतःच्या वसतिगृहाच्या दाराला लागलं. तिथं त्यानं रक्तानं भरलेले कपडे बदलले.

७.२०

कंट्रोलला पहिला फोन आला तो आणीबाणीच्या ९११वर नव्हे, ऑफिसच्या साध्या नंबरवर. बोलणाऱ्यानं स्वतः काही पाहिलं नव्हतं, दुसऱ्या कुणाकडून ऐकलं होतं. निरोप असा: ४०४० मधली मुलगी पलंगावरून पडली असावी. तिथल्या वसतिगृहांत माळ्यासारखे उंच पलंग असतात, तेव्हा हे कुणालाही पटण्यासारखं होतं. धप्प आवाज आला, मुलगी जमिनीवर दिसली, माणसानं ओळखीचं कारण लावलं.

डिस्पॅचरनं नेमून दिलेलं काम केलं. एक पोलीस आणि रुग्णवाहिकेचं पथक निघालं. ७.२४ला पोलीस खोलीत पोचला आणि त्यानं पाहिलं, दोघांनाही गोळ्या लागल्या होत्या. दोघांपैकी कुणीच वाचलं नाही. पण निरोपातली पहिली चूक चार मिनिटांत दुरुस्त झाली, हे या टेबलाच्या बाजूनं नोंदवून ठेवतो. दुसरी चूक दुरुस्त व्हायला खूप जास्त वेळ लागला आणि ती या टेबलावर झालीच नव्हती.

७.४० ते ८.२५

७.४०ला विद्यापीठाचे पोलीसप्रमुख वेंडेल फ्लिंचम यांना खबर मिळाली, ७.५७ला त्यांनी प्रशासनाला कळवलं. मधे आठ वाजले आणि पहिले तास सुरू झाले. मुलीची रूममेट परत आली. तिच्याकडून कळलं की मुलीला एक मित्र आहे, तो बंदुका बाळगतो, नेमबाजी करतो. झालं. मामला आपसातला, संशयित तो मित्र आणि तो परिसराबाहेर गेला असणार, असं चित्र उभं राहिलं. खोलीबाहेर रक्ताळलेल्या बुटांचे ठसे होते, बंदूक मात्र कुठं सापडली नव्हती. तरी सगळी शोधाशोध त्या मित्राच्या गाडीमागं लागली. पलंगावरून पडण्याइतकंच हेही पटण्यासारखं कारण होतं. फरक एवढाच, की ते तपासायला चार मिनिटांवर खोली नव्हती.

८.२५ (आपले सायंकाळचे पाच पंचावन्न)

अध्यक्ष चार्ल्स स्टेगर यांच्याकडे धोरण ठरवणाऱ्या मंडळींची बैठक बसली. त्याच सुमारास पोलिसांनी बँकेत भरणा नेण्याची रोजची फेरी रद्द केली. पैशाची काळजी वेळेवर घेतली गेली, असं म्हणायला हरकत नाही.

इथं एक गोष्ट समजून घ्यायला हवी. साऱ्या विद्यापीठाला एकदम सावध करणारा ईमेल पाठवण्याची यंत्रणा होती, पण पोलीस खात्याला ती स्वतःहून चालवता येत नव्हती. मजकूर ठरवायचा बैठकीनं, पाठवायचा जनसंपर्क विभागानं. म्हणजे ज्याच्या कानावर बातमी सर्वांत आधी पडते, त्याच्या हातात कळ नाही. ‘साहेबांना विचारून सांगतो’ हे वाक्य आपल्याकडच्या कुठल्याही गेटवर ऐकू येतं. आपण ते आपल्या सुस्तीच्या खात्यावर मांडतो. ब्लॅक्सबर्गमधले लोक सुस्त नव्हते. आदल्याच वर्षी, ऑगस्ट २००६ मध्ये, एक कैदी निसटून त्या भागात लपला होता, तेव्हा विद्यापीठ बंद करावं लागलं आणि अफवांनी मोठी धावपळ उडाली. तशी घबराट पुन्हा नको, हे बैठकीतल्यांच्या डोक्यात होतं. भीती खरी होती, फक्त मागच्या वर्षाची होती.

८.४५

बैठकीतल्या एकानं राजधानी रिचमंडमधल्या सहकाऱ्याला ईमेल केला: एक विद्यार्थी ठार, एक गंभीर, बंदूकधारी मोकाट, पण हे अजून बाहेर सांगायचं नाही. चारच मिनिटांनी पुन्हा आठवण, बाहेर फुटणार नाही एवढं बघ. घटनाक्रमातली ही नोंद मला सगळ्यांत जड जाते. मोकाट हा शब्द पावणेनऊ वाजताच लिहिला गेला होता, फक्त तो दीडेकशे मैलांपलीकडच्या माणसाला लिहिला गेला होता.

८.५२ला गावातल्या शाळांनी आपली दारं लावून घेतली.

९.०१ ते ९.२६

मारेकरी गावातल्या पोस्टात गेला आणि न्यूयॉर्कच्या एनबीसी वाहिनीला चित्रफिती, छायाचित्रं भरलेलं पाकीट रवाना केलं. ९.०५ला दुसरे तास सुरू झाले. मग तो नॉरिस हॉल या अभियांत्रिकीच्या इमारतीत गेला आणि तीन मुख्य दारं आतून साखळ्या घालून बंद केली. एका दारावर त्यानं चिठ्ठी लावली, दार उघडलं तर बॉम्ब फुटेल. एका प्राध्यापिकेच्या नजरेला ती पडली आणि चिठ्ठी तिसऱ्या मजल्यावर डीनच्या कार्यालयात पोचली. कंट्रोलला फोन मात्र गोळीबार सुरू होण्याआधी गेला नाही. चिठ्ठीही साहेबांकडेच गेली.

९.२६ला पहिला ईमेल निघाला: वसतिगृहात गोळीबाराची घटना घडली असून पोलीस तपास करत आहेत, सावध राहा. कुणी मेलं, मारणारा सापडलेला नाही, खोलीतच थांबा, यातलं काही त्यात नव्हतं. जवळजवळ त्याच वेळी त्या मित्राची गाडी रस्त्यात अडवली गेली आणि तो बोलायला लागताच पोलिसांच्या लक्षात यायला लागलं की माणूस चुकला.

९.४० (आपले संध्याकाळचे सात दहा)

दुसरा मजला, खोली २०६. जलविज्ञानाचा वर्ग घेणारे जी. व्ही. लोगनाथन मूळचे तमिळनाडूचे. तेच पहिले गेले, आणि वर्गातले बहुतेक विद्यार्थीही.

९.४१ला फोन लागला, पण विद्यापीठाच्या कंट्रोलला नव्हे, ब्लॅक्सबर्ग गावच्या पोलिसांना. तिथल्या डिस्पॅचरला सुरुवातीला जागाच कळेना. गोळीबार विद्यापीठात आहे हे उमगलं तेव्हा फोन पलीकडे जोडून दिला. ९.४२ला विद्यापीठ पोलिसांना पहिला निरोप मिळाला, ९.४५ला पोलीस इमारतीपाशी. तीन मिनिटांत पोचणं ही मोठीच गोष्ट. पण त्याआधी जागा शोधण्यात गेलेल्या एका मिनिटाचं मोल मला बार्शीटाकळीत बसून जास्त कळतं. आज इथून ११२ लावला की फोन नवी मुंबईला नाहीतर नागपूरला लागतो, तिथून अकोल्याला येतो आणि मग गस्तीच्या गाडीला. घाईत बोलणाऱ्याचं ‘बार्शी’ ऐकू आलं आणि ‘टाकळी’ निसटली, तर ऐकणाऱ्याचं मन सरळ सोलापूर जिल्ह्यात जातं. नुसतं ‘टाकळी’ म्हणाल तर महाराष्ट्रात टाकळ्या पुष्कळ. आणि तालुक्यातल्या महानहून फोन आला, तर गावाचं नाव महान आहे हेच आधी पटवून द्यावं लागेल. म्हणून आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव आणि जवळची खूण, असं सांगायला शाळेतच शिकवायला हवं.

दारांच्या साखळ्यांमुळे पोलीस बाहेर अडले. शेवटी वर्कशॉपच्या बाजूच्या दाराचं साधं कुलूप शॉटगननं उडवून ९.५०ला ते आत शिरले. त्याच मिनिटाला दुसरा ईमेल निघाला, आता नेमक्या शब्दांत: बंदूकधारी परिसरात मोकाट आहे, इमारतीतच थांबा, खिडक्यांपासून दूर राहा. ९.५१ला मारेकऱ्यानं स्वतःला संपवलं. अकरा मिनिटांत १७४ गोळ्या, नॉरिस हॉलमध्ये ३० मृत्यू. खोली २०५ मधल्यांनी दाराला टेबल लावून धरलं होतं, तिथलं कुणी गेलं नाही. २०४ मध्ये लिव्हिउ लिब्रेस्कू या ७६ वर्षांच्या प्राध्यापकांनी दार अडवून धरलं, बहुतेक मुलं खिडक्यांतून उड्या टाकून सुटली. लिब्रेस्कू सुटले नाहीत, आणि मुंबईहून शिकायला गेलेली एक मुलगीही सुटली नाही.

१०.१७

सगळे वर्ग रद्द झाल्याचा ईमेल.

पुढं

राज्यपालांनी नेमलेल्या चौकशी मंडळाचा अहवाल ऑगस्ट २००७ मध्ये आला. विद्यापीठाच्या पोलिसांना इशारा स्वतः पाठवता आला पाहिजे, ही त्यातली एक शिफारस. २००८ साली अमेरिकेत कायदाच झाला: धोक्याची खात्री होताच विद्यापीठानं परिसराला तातडीनं कळवायचं. २०११ साली केंद्रीय शिक्षण खात्यानं व्हर्जिनिया टेकला ५५,००० डॉलरचा दंड ठोठावला. विद्यापीठ अपिलात गेलं, रक्कम ३२,५०० वर आली आणि २०१४ साली भरली गेली. भांडण मुख्यतः ९.२६च्या ईमेलवर होतं: तो वेळेत गेला असं म्हणायचं की नाही.