ज्या वह्या गुप्त लिपी वाटल्या

विद्यापीठात स्पॅनिश घेतलेल्या मुलांना सुरुवातीलाच एक प्रश्न पडतो. बुटाला माद्रिदचा माणूस ‘थापातो’ म्हणतो आणि मेक्सिकोचा ‘सापातो’. मग बरोबर काय? शिक्षक सांगतात, दोन्ही बरोबर. गंमत म्हणजे हा फरक खुद्द स्पेनमध्येही आहे. दक्षिणेला सेव्हिल शहरात गेलात तर तिथेही ‘सापातो’च ऐकू येईल. मग ‘थ’ संपतो कुठे आणि ‘स’ सुरू होतो कुठे?

हे शोधायला काही माणसं खरोखर गावोगाव हिंडली. आजची गोष्ट त्यांची.

१९१० मध्ये माद्रिदला इतिहास-अभ्यास केंद्र सुरू झालं. प्रमुख होते रामोन मेनेंदेथ पिदाल. तिथले उच्चारशास्त्राचे जाणकार म्हणजे तोमास नाव्हार्रो तोमास. १९१८ मध्ये त्यांनी स्पॅनिश उच्चारांवर एक पुस्तक लिहिलं. परदेशी विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या त्यावर शिकल्या. त्यात सुशिक्षित कॅस्टिलियन लोकांची बोली प्रमाण मानली होती. पण पुढे याच माणसाने उलट दिशेचं काम हाती घेतलं. शाळेचं तोंडही फारसं न पाहिलेली म्हातारी माणसं गावात कशी बोलतात, ते टिपायचं आणि त्याचा नकाशा करायचा.

१९३१ मध्ये सर्वेक्षण सुरू झालं. त्यात फक्त स्पॅनिश नव्हती, कॅटलान होती, गॅलिशियन आणि पोर्तुगीजही होती. तरुण अभ्यासक गावात जायचे, ‘याला काय म्हणता?’ असं विचारायचे आणि ऐकलेला आवाज खास उच्चारचिन्हांत जसाच्या तसा उतरवून घ्यायचे.

आणि १९३६ मध्ये यादवी युद्ध पेटलं. आनिबाल ओतेरो हा त्यातलाच एक अभ्यासक पकडला गेला. त्याच्या वह्यांतली ती विचित्र चिन्हं बघून पकडणाऱ्यांना वाटलं, ही तर हेरांची गुप्त लिपी! त्याला मृत्युदंड सुनावला गेला. पुढे तो बदलून जन्मठेप झाली आणि काही वर्षांनी तो सुटला. सुटल्यावर त्याने काय केलं असेल? पुन्हा तेच सर्वेक्षण!

तिकडे जानेवारी १९३९ मध्ये नाव्हार्रो तोमास फ्रान्सच्या सीमेपलीकडे गेले. सोबत कवी आंतोनियो माचादो होते. माचादो महिन्याभरातच कोलिउर गावी वारले. नाव्हार्रो तोमास न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकवू लागले. सर्वेक्षणाच्या वह्याही त्यांच्यासोबत अमेरिकेत पोचल्या. अमेरिकेतल्या स्पॅनिश विभागांना अशा निर्वासितांनी मोठा आधार दिला. अमेरिको कास्त्रो प्रिन्स्टनमध्ये होते, तर कवी पेद्रो सालिनास जॉन्स हॉपकिन्समध्ये.

फ्रँकोच्या स्पेनमध्ये कॅटलान, गॅलिशियन या भाषांना सार्वजनिक जीवनात जागा उरली नव्हती. वह्या मात्र १९५१ मध्ये परतल्या. पहिला खंड निघाला १९६२ मध्ये. पुढचे खंड रखडले ते रखडलेच. नाव्हार्रो तोमास १९७९ मध्ये अमेरिकेतच वारले. वह्यांची पानं इंटरनेटवर आली, तोवर एकविसावं शतक उजाडलं होतं.

भाषा विभाग म्हणजे निवांत, सोपा विषय, असं आपण सहज म्हणून जातो. पण म्हाताऱ्या शेतकऱ्याचा एक उच्चार जसाच्या तसा लिहिणं ही त्या काळी जिवावर बेतणारी गोष्ट ठरली. आपली बोली अशुद्ध आहे असं आयुष्यभर ऐकलेल्या त्या माणसांचे आवाज आज टिकून आहेत, ते त्यामुळेच.