कन्फ्यूशियसची हकालपट्टी आणि पुनरागमन

१९०५ साली चीनमधील सनदी परीक्षा रद्द झाली आणि कन्फ्यूशियसच्या विद्येचा राजाश्रय संपला. १९१८ मध्ये लू शुन यांनी ‘वेड्याची रोजनिशी’ ही कथा बोलभाषेत लिहून त्या परंपरेला नरभक्षक ठरवले. राष्ट्र वाचवायचे तर कन्फ्यूशियस नाकारावा लागेल, ही त्या पिढीची धारणा होती. १९७४ मध्ये माओच्या राजवटीनेही त्याच्याविरुद्ध मोहीम चालवली. पुढे २००४ पासून मात्र चीन सरकारने परदेशी चिनी भाषा शिकवणाऱ्या संस्थांना त्याचेच नाव दिले. याला आम्ही परंपरेचा विजय मानत नाही. आधुनिक राष्ट्र गरजेप्रमाणे आपले पूर्वज निवडते. लू शुन यांचा प्रश्न त्यामुळे मिटत नाही: या परंपरेत माणसाला जागा किती?