समाजाचे संस्कार आणि कर्मवीरांची घडण

मनुष्य मूल्ये घेऊन जन्मास येत नाही. घरातील आचार, गावाची रीत, शाळेतील सोबती, संस्थेचे नियम आणि ज्यांना आपण थोर मानतो त्यांचे वर्तन, या सर्वांतून त्याची मूल्ये घडत जातात. जीव परस्परांस उपकारक असतात, ही आपल्या धर्माची शिकवण सर्वांना परिचित आहे. परंतु समाज माणसाला जसा वर उचलतो, तसाच कधी कधी रूढीने बांधूनही ठेवतो. या दोन्ही बाजू ज्यांच्या चरित्रात एकत्र दिसतात, ते महाराष्ट्राच्या जैन समाजातील थोर पुरुष म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील होत.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे एका जैन शेतकरी घराण्यात झाला. बाहुबली तीर्थाच्या परिसरातील या गावी व्रतवैकल्ये, सत्यनिष्ठा आणि सोवळेओवळे यांचे वातावरण होते. पुढे शिक्षणासाठी ते कोल्हापुरास आले आणि तेथील जैन वसतिगृहात राहू लागले. खेड्यातील मुलास शहरात राहण्याजेवण्याची सोय मिळणे त्या काळी दुर्घट होते. म्हणूनच राजर्षी शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे निघाली होती. १८९९ साली स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेने आणि मुंबईच्या शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांच्यासारख्या दानशूरांनी आपल्या समाजात शिक्षणाची ओढ निर्माण केली. भाऊराव हे याच जागृतीचे अपत्य होते.

१९०८ साली कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्या समारंभास भाऊराव उपस्थित राहिले. परत आल्यावर रूढीप्रमाणे स्नान करून शुद्ध होण्यास त्यांनी नकार दिला. परिणामी त्यांना जैन वसतिगृह सोडावे लागले. त्या वसतिगृहाची जबाबदारी अण्णासाहेब लठ्ठे यांच्यावर होती. लठ्ठे स्वतः सुधारक व विद्वान होते. १९३७ साली ते मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले. अशा व्यक्तीच्या हातूनही जनरीतीचा नियमच चालविला गेला, यावरून समाजाचा दाब केवढा असतो, हे ध्यानात येते. निराश्रित झालेल्या भाऊरावांना शाहू महाराजांनी आधार दिला. महाराजांचा सहवास आणि महात्मा फुले यांचा सत्यशोधक विचार, या दोन प्रभावांनी त्यांच्या जीवनास नवी दिशा मिळाली.

यानंतरचा प्रसंग अधिक बोधप्रद आहे. १९१४ साली कोल्हापुरात गाजलेल्या डांबर प्रकरणात लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी, म्हणून भाऊरावांवर दडपण आणण्यात आले. त्यांना तुरुंगवास व छळ सोसावा लागला, परंतु त्यांनी असत्य साक्ष दिली नाही. ज्यांच्यामुळे वसतिगृह सोडावे लागले, त्यांच्याविषयीचा रोष त्यांनी सत्याच्या आड येऊ दिला नाही. समाजाने दिलेली अस्पृश्यता त्यांनी टाकली, पण त्याच समाजाने दिलेले सत्याचे व्रत प्राणपणाने जपले. संस्कारांतील सार कोणते आणि असार कोणते, हे ओळखण्याचा विवेक तो हाच.

पुढे ओगले यांचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर यांच्या विक्रीनिमित्त ते गावोगाव फिरले. ग्रामीण जनतेचे अज्ञान त्यांनी जवळून पाहिले आणि ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ साली साताऱ्यात सुरू झालेल्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहू व जेवू लागली. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्यास छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव देण्यात आले. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई सोवळ्याच्या घरात वाढलेल्या होत्या. परंतु पतीच्या सहवासात त्या या सर्व मुलांच्या माता झाल्या आणि मुलांच्या अन्नासाठी त्यांनी आपले दागिने, अखेरीस मंगळसूत्रही दिले. प्रवचनाने जे घडणे कठीण, ते एका पंक्तीत जेवल्याने घडले. ९ मे १९५९ रोजी कर्मवीरांचे देहावसान झाले. त्यांनी लावलेला वटवृक्ष मात्र विस्तारतच आहे.

आपले मीरा-भाईंदर मिठागरे, भातशेती आणि आगरी-कोळ्यांच्या गावांतून वाढलेले नगर आहे. १९८५ साली येथे नगरपालिका आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका झाली. मारवाड, गुजरात व दक्षिण महाराष्ट्रातून आलेल्या आपल्या कुटुंबांना नव्या गावी मंदिर, उपाश्रय आणि पाठशाळा यांनी आधार दिला. आज येथील बालकांवर शाळा, शेजार, बाजार आणि दूरध्वनीचा पडदा यांचेही संस्कार होत आहेत. ते थोपविणे कोणाच्या हाती नाही. आपल्या हाती आहेत ते आपल्या संस्थांचे नियम आणि आपले स्वतःचे वर्तन. पाठशाळेत अहिंसा शिकणारे मूल, आपण घरकामाच्या बाईंना कोणत्या पेल्यात पाणी देतो, हेही पाहत असते.

सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी आपल्या प्रत्येक नियमाकडे विवेकाने पाहण्याची बुद्धी आपणांस लाभो, आणि आपल्या छायेत वाढणारा एखादा भाऊराव उंबरठ्याबाहेर न जाता आपल्यातच मोठा होवो, हीच प्रार्थना.