शतरंजचे गुणदोष: चौल ते काबूल

एप्रिल २०२५मध्ये पुण्यात महिला बुद्धिबळाची ‘ग्रां प्री’ स्पर्धा झाली. कोनेरू हंपीने ती जिंकली, नागपूरची दिव्या देशमुखही त्यात खेळली. पुढच्याच महिन्यात बातमी आली की, अफगाणिस्तानच्या तालिबान सरकारने बुद्धिबळावर बंदी घातली आहे. कारण दिलं जुगाराचं. त्याआधी २०१६मध्ये सौदी अरेबियाच्या मुख्य मुफ्तींनी हा खेळ निषिद्ध ठरवला होता. त्यात वेळ आणि पैसा वाया जातो, खेळणाऱ्यांत वैर वाढतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

अशा बातम्यांनंतर दोन प्रश्न हमखास निघतात. मोहल्ल्यात विचारलं जातं, ‘मुलांना बुद्धिबळ शिकवणं जायज आहे का?’ बाहेर विचारलं जातं, ‘तुमच्यात बुद्धिबळही चालत नाही का?’ दोघांनाही उत्तर इतिहासात सापडेल.

भारतातला चतुरंग इराणात गेला, तिथून अरबांकडे जाऊन शतरंज झाला आणि पुढे युरोपात पोहोचला. परतताना तो आपली भाषा घेऊन आला. वजीर, प्यादे, मोहरा, शह, मात हे सगळे शब्द फारसी-अरबीतले. आज कुठलाही मराठी पुढारी विरोधकाला ‘शह’ देतो, त्याच्यावर ‘मात’ करतो, तेव्हा तो नकळत शतरंजची बोली बोलत असतो.

बगदादचा इतिहासकार अल-मसूदी इ.स. ९१६च्या सुमारास कोकणात चौलला आला होता. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात, अशी नोंद त्याने केली आहे. तो असंही लिहितो की, हिंदुस्थानात हस्तिदंत सर्वाधिक वापरला जातो तो शतरंज आणि नर्द यांचे मोहरे घडवायला. नर्द म्हणजे फाशांचा खेळ, आपल्या सारीपाटाच्या जवळचा. इथले खेळाडू सगळं हरल्यावर स्वतःची बोटंसुद्धा पणाला लावतात, हेही त्याने लिहून ठेवलं आहे. म्हणजे पैजेची भीती धर्मपंडितांनी हवेतून काढलेली नव्हती.

मसूदीने आणखी एक मत नोंदवलं आहे. शतरंज शोधणारा माणूस मुअतजिली, म्हणजे माणसाला इच्छास्वातंत्र्य आहे असं मानणारा असावा. आणि नर्द शोधणारा नशीबवादी. एका पटावर डाव तुमच्या अकलेवर चालतो, दुसऱ्यावर फाशांवर. खेळाच्या निमित्ताने हजार वर्षांपूर्वी मुस्लिम विचारवंत तकदीर आणि तदबीर यांवर वाद घालत होते. अर्थात ही विभागणी नेहमीच इतकी सरळ नव्हती. अल-बिरुनीने अकराव्या शतकात भारतातल्या ज्या चतुरंगाचं वर्णन केलं, तो चौघांनी फासे टाकून खेळायचा होता.

फिकहमधला वादही याच भेदावर उभा आहे. कुरआनने जुगाराला मनाई केली, शतरंजचं नाव त्यात नाही. नर्दविषयी मात्र हदीस आहे. मग शतरंज नर्दसारखा मानायचा का? हनफी, मालिकी, हंबली परंपरेचा कल कडक आहे. इमाम शाफईंनी मात्र त्याला हराम म्हटलं नाही, मकरूह म्हटलं. अटी अशा, की पैज नसावी, नमाज चुकू नये, तोंडी शिवीगाळ नसावी. ताबेई सईद बिन जुबैर पटाकडे पाठ करून खेळत, असं त्याच परंपरेत सांगितलं जातं. कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई आहेत, त्यामुळे हा वाद त्यांना परका नाही. इराणने १९७९च्या क्रांतीनंतर शतरंज बंद केला. १९८८मध्ये खोमेनींनीच पैजेविना तो खेळायला परवानगी दिली. अट तीच, जुनी.

खेळणाऱ्यांनी शोधलेले दोष वेगळे होते. जुन्या शतरंजमध्ये वजीर फक्त एक घर तिरपा चालायचा. तिरक्या उडीने चालणारा फील, म्हणजे हत्ती, चौसष्टपैकी आठच घरांवर पोहोचू शकायचा. त्यामुळे सुरुवात कंटाळवाणी होई. नवव्या-दहाव्या शतकातल्या अल-अदली आणि अस-सूली या उस्तादांच्या परंपरेत त्यावर ‘तबिया’चा इलाज होता. तबिया म्हणजे आधीच मांडलेली स्थिती, तिथूनच डाव सुरू करायचा. युरोपने पंधराव्या शतकाच्या अखेरीस वजिराला आजची ताकद दिली आणि खेळ वेगवान झाला.

पंजाबचे मीर सुलतान खान देशी नियम शिकून वाढले. त्यात प्यादं पहिल्या चालीतही एकच घर जाई. त्यांची सुरुवात कच्ची, पण शेवटचा डाव अव्वल. १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीन वर्षं ते ब्रिटिश अजिंक्यवीर होते. १९३५मध्ये व्ही. के. खाडिलकरांविरुद्धच्या दहा डावांत त्यांनी फक्त एक बरोबरीत सोडला. आंतरराष्ट्रीय संघटनेने त्यांना ग्रँडमास्टर हा मानद किताब दिला तो २०२४मध्ये, त्यांच्या निधनानंतर ५८ वर्षांनी.

मला विचाराल तर या खेळाचा खरा दोष फतव्यांत सांगितलेला नाही. पटावर दोन्ही फौजा सारख्या असतात, सगळं उघड दिसतं, प्यादी मोजून वाया घालवता येतात. समाज असा नसतो. पटावरची सवय माणसांवर वापरणाऱ्यांना प्याद्यांचं काही वाटत नाही. पण हरल्यावर दोष नशिबाला देता येत नाही, आपली चूक आपल्यालाच शोधावी लागते, हे शिकवणारा दुसरा इतका स्वस्त उस्ताद मला माहीत नाही. आमच्या मुलामुलींना, विशेषतः मुलींना, त्याची गरज आहे.

म्हणून मोहल्ल्यातल्या वाचनालयात एक पट ठेवावा. पैसे लावू नयेत. अजान झाली की डाव थांबवावा. मोहरे कुठे जात नाहीत.