पोटमाळ्यातली यंत्रे आणि त्यांच्याभोवतीचे थर

अमेरिकेतल्या जुन्या घरांत ऊब देणारी भट्टी (फर्नेस) तळघरात असे. गरम हवा वर चढते आणि कोळसा उतरवायला तळघर सोयीचे, म्हणून ही जागा ठरून गेली होती. पत्र्याच्या नळ्यांमधून (डक्टमधून) थोडी ऊब गळली, तरी ती घरातच राही. पोटमाळ्याचे काम छताखालची मोकळी हवा सांभाळण्यापुरते होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर ही मांडणी बदलली. टेक्सास, फ्लोरिडा, ॲरिझोना अशा राज्यांत काँक्रीटच्या सपाट जोत्यावर भराभर बैठी घरे उभी राहिली. या घरांना तळघर नव्हते. मध्यवर्ती वातानुकूलनही याच काळात घरोघरी पोचू लागले. यंत्राला खोली दिली तर राहण्याची जागा कमी होणार, म्हणून फर्नेस, पंखापेटी आणि डक्ट सारे पोटमाळ्यात चढवले गेले. उन्हाळ्याच्या दुपारी अशा माळ्यातले तापमान ५५ ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत जाते, तर एसीतून निघणारी हवा असते साधारण १३ अंशांची. घरातल्या सर्वांत थंड हवेची वाट घरातल्या सर्वांत तापलेल्या जागेतून नेली गेली. पुढची पन्नास वर्षे या एका चुकीची भरपाई करण्यात गेली. ह्यूस्टन-डॅलसच्या उपनगरांत राहणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांच्या डोक्यावरही हीच रचना आहे.

उष्णता अडवणारे रोधक साहित्य महायुद्धाआधीच तयार होते. इंडियाना राज्यातल्या अलेक्झांड्रिया गावी चार्ल्स कोरिडॉन हॉल या रसायन अभियंत्याने १८९७ मध्ये चुनखडीयुक्त दगड वितळवून त्याची लोकर बनवली. १९३८ मध्ये ओवेन्स-कॉर्निंग फायबरग्लास ही कंपनी स्थापन झाली आणि काचतंतूंच्या गाद्या बाजारात रुळल्या. पण हे साहित्य खालच्या खोल्यांच्या छतावर, तुळयांच्या मधे अंथरले जाई. यंत्रे आणि डक्ट त्या थराच्या वर, म्हणजे खरे तर घराबाहेर पडून राहत. डक्टभोवती पातळ वेष्टन असे, आणि जुन्या डक्टवर तर ॲस्बेस्टॉसचा कागद.

ॲस्बेस्टॉस माळ्यात दुसऱ्या वाटेनेही शिरले. मोंटाना राज्यातल्या लिबी गावाजवळच्या खाणीतून व्हर्मिक्युलाइट निघे. तापवल्यावर फुगणारे हे खनिज ‘झोनोलाइट’ या नावाने पोत्यांतून विकले जाई. पोते फोडून तुळयांमधे ओतले की काम झाले. त्यासाठी कारागीरही लागत नसे. १९१९ ते १९९० या काळात अमेरिकेत विकल्या गेलेल्या व्हर्मिक्युलाइटपैकी ७० टक्क्यांहून अधिक लिबीचे होते, आणि त्या खाणीतल्या खनिजात ॲस्बेस्टॉस मिसळलेले होते. गावातली अनेक माणसे फुप्फुसांच्या विकारांनी गेली. १९९९ मध्ये वृत्तपत्रांनी हे प्रकरण उघड केले आणि २००९ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने तिथे सार्वजनिक आरोग्य आणीबाणी जाहीर केली. अशा माळ्यात यंत्र दुरुस्तीसाठी रांगत जाणारा तंत्रज्ञ तो थर चाळवतो. त्यामुळे थर न हलवणे हाच आजही अधिकृत सल्ला आहे. स्वस्त आणि सोप्या साहित्याची ही किंमत विसरण्यासारखी नाही.

१९७३ च्या तेलसंकटाने रोधकांची मागणी एकदम वाढवली. जुन्या वर्तमानपत्रांचा चुरा करून त्यात बोरेटसारखी अग्निरोधक रसायने मिसळलेले सेल्युलोज घाईघाईने तयार होऊ लागले. रसायन कमी पडलेला माल छतातल्या तापणाऱ्या दिव्यांना किंवा धुराड्याला टेकला की पेट घेई. १९७८ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा करून त्याच्या ज्वलनशीलतेवर बंधन घातले. धुराड्याभोवती पत्र्याचे कडे उभारून सुटे साहित्य दूर ठेवण्याची शिस्त अशा अनुभवांतून पक्की झाली.

तरीही काचतंतू असोत की कागदाचा चुरा, त्यांच्यातून हवा आरपार जाते. डक्टचे सांधे उघडे असतील तर वरचा थर कितीही जाड केला तरी गळती थांबत नाही. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतल्या मॅक्स शर्मन आणि इयन वॉकर यांनी १९९८ मध्ये सांधे चिकटवण्याच्या पट्ट्या तपासल्या, तेव्हा कापडी ‘डक्ट टेप’च निकामी ठरली. सांध्यांवर लेपासारखे मॅस्टिक फासण्याची पद्धत त्यानंतर अधिक आग्रहाने सांगितली जाऊ लागली.

फवारून लावायच्या फोमची लोकप्रियता हवा आरपार जाण्याच्या याच अडचणीतून वाढली. छताच्या उतारालाच तो फवारला की सगळा माळा घराच्या आत येतो, आणि हवाही अडते. पण तो महाग, फवारताना घातक वाफा सोडणारा, आणि छताची गळती झाकून टाकणारा आहे. युरिया-फॉर्मल्डिहाइड या वेगळ्या प्रकारच्या फोमवर १९८२ मध्ये ग्राहक सुरक्षा आयोगाने बंदी घातली होती. पुढच्याच वर्षी न्यायालयाने ती रद्द केली, तरी लोकांच्या मनातली धास्ती राहिली.

फोमविना मार्ग दोन निघाले. एक म्हणजे डक्ट माळ्याच्या तळाशी घेऊन सेल्युलोज किंवा काचतंतूंच्या ढिगाखाली पुरणे. दमट हवेत मात्र गार नळीभोवती बाष्प साचून पाणी टपकते. म्हणून २०१८ च्या निवासी बांधकाम संहितेने पुरलेल्या डक्टला मान्यता देताना उष्ण-दमट विभागांत गार हवेच्या नळीचे स्वतःचे वेष्टन किमान आर-१३ (आर हे उष्णतारोधाचे माप) असण्याची अट घातली. पंखापेटी मात्र पुरता येत नाही, कारण गाळणी बदलायची, निचऱ्याची नळी साफ करायची, आणि धूर सोडणाऱ्या फर्नेसला ज्वलनाची हवाही द्यायची असते. तिच्याभोवती खनिज लोकरीच्या ताठ फळ्यांचे, दार असलेले खोके बांधले जाते. दुसरा मार्ग म्हणजे छताच्या उतारालाच जाळी लावून तंतूंचे साहित्य भरणे. यात बाष्प आढ्यापाशी गोळा होते, म्हणून त्याच संहितेने उष्ण विभागांत आढ्यावर हवा रोखणारे पण बाष्प सोडणारे झरोके ठेवायला आणि माळ्यात थोडी वातानुकूलित हवा सोडायला सांगितले.